फोर्ट पाहावा तो कामाच्या दिवशी

मुंबईत येणाऱ्या पाहुण्याला फोर्ट पाहायचा असेल, तर त्याने रविवारी सकाळी लवकर जावे, असा सल्ला सर्रास दिला जातो. वाहने नसतात, रस्ते मोकळे असतात, इमारतींची छायाचित्रे मनासारखी निघतात, ही त्यामागची कारणे खोटी नाहीत. मात्र हा सल्ला मानून गेलेला पाहुणा ओढलेली शटरे, कुलूपबंद फाटके आणि पेंगुळलेले पहारेकरी पाहून परततो, आणि फोर्ट म्हणजे जुन्या दगडी इमारतींचे एक आवार, एवढीच समजूत बरोबर घेऊन जातो. बँका, विमा कंपन्या, वकिलांची कार्यालये, जहाज कंपन्यांच्या कचेऱ्या, छापखाने आणि शेअर दलालांच्या पेढ्या यांच्यावर पोसलेला हा भाग खऱ्या अर्थाने नांदता असतो तो आठवड्याच्या कामाच्या दिवशी. एका दिवसाच्या पायी सफरीचे ठिकाण म्हणून त्याची पारख करायची, तर ती मंगळवार ते शुक्रवार यांपैकी एखाद्या दिवशी, सकाळी दहा ते संध्याकाळी पाच या वेळातच करायला हवी. सोमवार का वगळला, ते पुढे येईलच.

बाहेरगावच्या मराठी पाहुण्याला ही वेळ सहज साधते. पुण्याहून डेक्कन क्वीन आणि नाशिकहून पंचवटी या दोन्ही गाड्या दहा-साडेदहाच्या सुमारास छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसला, म्हणजे फोर्टच्या थेट उंबरठ्यावर सोडतात आणि संध्याकाळी तिथूनच परत नेतात. फ्रेडरिक स्टीव्हन्स याने आराखडा केलेले हे स्थानक १८७८ ते १८८८ या काळात बांधले गेले आणि २००४ मध्ये त्याला जागतिक वारशाचा दर्जा मिळाला, हे बहुतेकांना ठाऊक असते. येथून जवळच असलेल्या बोरीबंदरावरून १६ एप्रिल १८५३ रोजी ठाण्याला पहिली गाडी सुटली आणि त्या रेल्वेच्या उभारणीत जगन्नाथ शंकरशेट यांचा मोठा वाटा होता, हे मात्र गाडीतून उतरून घाईघाईने चालू लागणाऱ्या गर्दीत कोणाच्या ध्यानी येत नाही. नाना शंकरशेटांची गाठ या सफरीत पुन्हा दोनदा पडते, म्हणून त्यांची आठवण येथेच करून ठेवलेली बरी. स्थानकाची इमारत नीट पाहायची तर तिच्या पायथ्याशी उभे राहून उपयोग नाही. भुयारी मार्गाने रस्ता ओलांडून महापालिकेच्या इमारतीच्या बाजूला जावे. त्या इमारतीचाही आराखडा स्टीव्हन्सचाच आहे.

स्थानकापासून हुतात्मा चौकापर्यंत जाणारा दादाभाई नौरोजी रस्ता हा या सफरीतला सर्वांत सोयीचा टप्पा आहे. या रस्त्यावरील इमारतींच्या तळमजल्यावर कमानींचे सलग छत असावे आणि त्याखालून पादचाऱ्यांना जाता यावे, असा नियम १८९६ मध्ये करण्यात आला. वरचे मजले कोणी गॉथिक धाटणीचे बांधले, कोणी त्यांवर घुमट चढवले, कोणी इराणी थाटाची शिल्पे बसवली. पण खालची कमान कोणाला चुकली नाही. सव्वाशे वर्षांनंतरही मे महिन्याच्या उन्हात आणि जुलैच्या पावसात पाहुण्याच्या डोक्यावर छत राहते ते या एका नियमामुळे. कमानींखाली आज घड्याळे, मोबाइलची आवरणे, बॅगा, चष्मे आणि जुनी पुस्तके यांची दुकाने खांबाला टेकून मांडलेली असतात, त्यामुळे दोन माणसांना शेजारी शेजारी चालणे अवघड होते. फरशीही एका इमारतीपुढे गुळगुळीत, तर पुढच्या इमारतीपुढे उखडलेली आहे आणि मध्येच एक-दोन पायऱ्या उतराव्या लागतात. चाकाच्या खुर्चीवरील माणसाला हा रस्ता एकट्याने पार करता येणार नाही, हे स्पष्ट सांगितले पाहिजे.

सहलींचे मार्गदर्शक बहुधा येथून सरळ दक्षिणेकडे वळतात. पैसे भरून नोंदणी केलेल्या अशाच एका सफरीत आम्हाला स्थापत्यविशारदांची इंग्रजी नावे आणि शैलींची जंत्री पाठ होईपर्यंत ऐकवली गेली. परंतु ज्या भागात देशी व्यापारी राहत आणि व्यवहार करत, त्या उत्तर फोर्टात सफर शिरलीच नाही. विचारल्यावर, तिकडे पाहण्यासारखे काही नाही, असे उत्तर मिळाले. हे उत्तर चुकीचे आहे. तटबंदीच्या आतले हे शहर चर्चगेट रस्त्याने दुभागलेले होते: दक्षिणेला गोऱ्यांची वस्ती आणि उत्तरेला पारशी, गुजराती, बोहरी आणि मराठी व्यापाऱ्यांची दाटी. चिमाजी अप्पांनी १७३९ मध्ये वसई जिंकून घेतली, तेव्हा आता पाळी मुंबईची, या धास्तीने व्यापाऱ्यांनी तीस हजार रुपयांची वर्गणी काढून तटाभोवती खंदक खणण्यास हातभार लावला होता. १८०३ च्या आगीत या उत्तर भागाचा मोठा हिस्सा जळाला. पुढे १८६० च्या दशकात गव्हर्नर बार्टल फ्रिअर याच्या कारकिर्दीत तट पाडला गेला आणि अपोलो, चर्च आणि बझार हे तिन्ही दरवाजे गेले. बझार गेट हे नाव तेवढे रस्त्याला चिकटून राहिले आहे.

बझार गेट, बोरा बाजार आणि त्यांना छेदणाऱ्या गल्ल्या अकराच्या सुमारास पाहाव्यात. हातगाडीवर कागदाची रिमे रचून एक जण पुढून ओढतो, दुसरा मागून रेटतो आणि ‘बाजू, बाजू’ असे ओरडत दोघे गर्दीतून वाट काढतात. लाकडी सज्जे असलेल्या जुन्या इमारतींच्या तळाशी छपाईवाले, पाकिटे व वह्या विकणारे आणि रबरी शिक्के करणारे बसलेले दिसतात. एका शिक्केवाल्याकडे थोडा वेळ थांबण्यासारखे होते. टेबल म्हणजे जेमतेम एक फळी; तिच्यावर लाकडी मुठी, शाईची गादी आणि शिक्के उमटवून पाहण्यासाठी ठेवलेला एक जाड कागद. एका शिपायाने आणलेला ‘संचालक’ या शब्दाचा शिक्का त्याने कागदावर दाबला, अनुस्वार पुसट उमटलेला पाहून काही न बोलता ब्लेडच्या टोकाने रबराची कड साफ केली आणि पुन्हा दाबला. कागदावर त्याआधी उमटवलेल्या कंपन्यांची, न्यासांची, गृहनिर्माण संस्थांची नावे एकमेकांवर चढलेली होती. वर काचेच्या कचेऱ्यांत जे कागद फिरतात, त्यांना वजन येते ते या फळीवर, हे पाहायला मिळाले.

याच भागातला गनबो स्ट्रीट हा अठराव्या शतकातल्या गणबाशेट या व्यापाऱ्याच्या नावावरून ओळखला जातो. गणबाशेट हे जगन्नाथ शंकरशेट यांच्या घराण्यातले पूर्वज. फोर्ट म्हणजे साहेबाचा, हा समज घेऊन आलेल्या मराठी पाहुण्याने हा रस्ता अवश्य चालावा, जरी त्यावर पाटी वेगळ्या नावाची असली तरी.

जेवणाच्या बाबतीत फोर्टला पैकीच्या पैकी गुण द्यायला हरकत नाही. अट एवढीच की पाहुण्याने साडेबाराच्या आत टेबल धरावे. एक वाजला की वरच्या मजल्यांवरून माणसे उतरू लागतात आणि अडीचपर्यंत कुठेही मोकळी खुर्ची मिळत नाही. गनबो स्ट्रीटवरचे प्रदीप गोमांतक, कावसजी पटेल रस्त्यावरचे महेश लंच होम, केळीच्या पानावर जेवण वाढणारी केरळी भोजनालये, स्थानकासमोरचा आराम वडापाव आणि त्याच बाजूच्या गल्लीतला पंचम पुरीवाला, असे सर्व खिशांना परवडणारे पर्याय पाच-दहा मिनिटांच्या चालीत आहेत. मासे खाणाऱ्याने गोमंतकी थाळी घ्यावी, कारण सुरमईचा तुकडा आणि सोलकढी या दोहोंबद्दल येथील नोकरदार गिऱ्हाईक फार चोखंदळ आहे आणि रोज येणाऱ्या माणसाला फसवून हॉटेल चालत नाही. अशा ठिकाणी अनोळखी माणसांबरोबर एकाच टेबलावर बसावे लागते, ताट रिकामे होताच वाढपी बिलाची बशी आणून ठेवतो आणि मागे उभा असलेला माणूस आपल्या शेवटच्या घासाकडे पाहत असतो. निवांत गप्पा मारत जेवण्याची सवय असलेल्यांना हे उद्धट वाटेल. माझ्या मते हा येथील शिष्टाचारच आहे: प्रत्येकाकडे पाऊण तास आहे आणि त्यात सर्वांची सोय व्हायची आहे.

ज्यांना बसण्याचाही वेळ नसतो, ते सँडविचवाल्यासमोर उभे असतात. लोणी आणि हिरवी चटणी कडेपर्यंत फासायची, उकडलेला बटाटा, काकडी, टोमॅटो, बीट आणि कांदा यांच्या चकत्या एकावर एक रचायच्या, वरून मसाला भुरभुरायचा आणि सहा तुकडे करून कागदी बशीत सरकवायचे, हे सगळे तो मान वर न करता करतो; कोणाला कांदा नको आणि कोणाला चटणी जास्त, हे मात्र त्याला न सांगता ठाऊक असते. पाहुण्याला सांगावे लागते, एवढाच फरक.

दुपारी हॉर्निमन सर्कलकडे यावे. कापसाच्या गाठी रचल्या आणि तोलल्या जात तो हा मैदानाचा तुकडा. पुढे १८६० च्या दशकात त्याभोवती एकसारख्या कमानदार इमारतींचे वर्तुळ आखले गेले आणि ते १८७२ च्या सुमारास पूर्ण झाले. तेव्हा एल्फिन्स्टनचे असलेले नाव स्वातंत्र्यानंतर बेंजामिन हॉर्निमन या इंग्रज संपादकाला मिळाले. ‘बॉम्बे क्रॉनिकल’ चालवणाऱ्या या माणसाने सरकारविरुद्ध लेखणी उचलली म्हणून १९१९ मध्ये त्याला हद्दपार करण्यात आले होते. १८२२ पासून अखंड निघणाऱ्या ‘मुंबई समाचार’ या गुजराती दैनिकाची लाल इमारतही येथेच आहे. मधल्या बागेत भरपूर सावली आणि बाके आहेत, आणि फोर्टात फुकट बसायला मिळणाऱ्या मोजक्या जागांपैकी ही सर्वांत चांगली होय.

समोरच्या टाउन हॉलला, म्हणजे एशियाटिक सोसायटीच्या इमारतीला, तीस पायऱ्या आहेत. १८३३ मध्ये पूर्ण झालेल्या या इमारतीचे उंच खांब छायाचित्रांत सर्वांनी पाहिलेले असतात, परंतु चढून आत जाणारे थोडे. आत जगन्नाथ शंकरशेट यांचा संगमरवरी पुतळा आहे. गणबाशेटांच्या गल्लीतून निघून वारसाच्या पुतळ्यापाशी पोहोचणे हा पायी पंधरा मिनिटांचा मार्ग आहे, आणि या एका मार्गात फोर्टचा देशी इतिहास जेवढा कळतो, तेवढा महागड्या सफरीत कळला नव्हता. जवळचे सेंट थॉमस कॅथीड्रल १७१८ चे, म्हणजे साताऱ्याला शाहू महाराज गादीवर असतानाचे. चर्चगेट हे नाव याच चर्चच्या बाजूच्या दरवाजाचे होते. आतील भिंतींवर कंपनी सरकारच्या चाकरीत तरुणपणीच दगावलेल्यांचे स्मृतिशिलालेख आहेत. ते सावकाश वाचण्यासारखे आहेत.

येथून पाच मिनिटांवर दलाल स्ट्रीट आहे, आणि पाहुण्याची खरी निराशा होते ती तिथे. १८७५ मध्ये स्थापन झालेला हा शेअर बाजार त्याआधी वडाच्या झाडाखाली भरत असे, ही हकिकत ऐकून लोक मोठ्या अपेक्षेने येतात. १९९५ पासून सौदे संगणकाच्या पडद्यावर होऊ लागले आणि हातवारे, आरोळ्या व गर्दी यांनी भरलेले ते दालन इतिहासजमा झाले. १२ मार्च १९९३ रोजी येथे बाँबस्फोट झाला होता आणि बंदोबस्त कडक आहे. सामान्य पाहुण्याला आत प्रवेश नाही. बाहेरचा ब्राँझचा बैल, इमारतीवर सरकणारे आकडे आणि गळ्यात ओळखपत्र अडकवून चहा पिणारी तरुण मुले, एवढेच हाती लागते. दहा मिनिटे पुरेत. टांकसाळही बाहेरूनच पाहायची.

याची भरपाई फिरोजशहा मेहता रस्त्यावरचे रिझर्व्ह बँकेचे नाणे संग्रहालय पुरेपूर करते. २००४ मध्ये तत्कालीन राष्ट्रपती ए. पी. जे. अब्दुल कलाम यांच्या हस्ते उघडलेले हे संग्रहालय सोमवारी बंद असते, म्हणूनच सोमवार टाळावा. प्राचीन आहत, म्हणजे ठसे मारलेल्या, नाण्यांपासून मराठेशाहीतल्या नाण्यांपर्यंत आणि हुंड्यांपासून आजच्या नोटांपर्यंतचा प्रवास येथे नेटकेपणाने मांडला आहे. दालने लहान आहेत, मांडणी सुबोध आहे, वातानुकूलन आहे आणि गर्दी जवळपास नसते. दुपारी दोन ते तीन ही उन्हाची वेळ येथे काढावी. फोर्टातील अर्थव्यवहाराचे दरवाजे पाहुण्याला एकामागून एक बंद मिळत असताना हे एक दार उघडे ठेवले आहे, याबद्दल त्या संस्थेचे मन:पूर्वक कौतुक केले पाहिजे.

हुतात्मा चौक हा संपूर्ण फोर्टचा नाका आहे. १८६४ चे फ्लोरा फाउंटन आणि संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यातील हुतात्म्यांचे स्मारक येथे जवळजवळ आहेत. २१ नोव्हेंबर १९५५ रोजी याच परिसरात मोर्चावर गोळीबार झाला आणि माणसे मारली गेली. मराठी पाहुणा येथे नुसते छायाचित्र काढून पुढे जात नाही, असा माझा समज होता. प्रत्यक्षात बरेच जण कारंज्याकडे तोंड आणि स्मारकाकडे पाठ करून उभे असतात. स्मारकाजवळ त्या लढ्याची चार ओळींची का होईना, ठळक माहिती देणारी पाटी रस्त्यावरून वाचता येईल अशी हवी होती. चौकालगतच्या सोमय्या भवनातील किताब खाना हे पुस्तकांचे दुकान मात्र अगदी मनाजोगे आहे: उंच छत, लाकडी जिना, चाळत बसणाऱ्याला कोणी हटकत नाही.

चौकापलीकडे, जुन्या तटाच्या बाहेर मोकळ्या झालेल्या जागेत, उच्च न्यायालय आणि विद्यापीठाचा राजाबाई मनोरा उभा आहे. दोन्ही १८७८ ची बांधकामे. मनोऱ्यासाठी पैसा दिला तो प्रेमचंद रायचंद यांनी. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला, त्या तेजीत ते शेअर बाजाराचे अनभिषिक्त राजे होते. १८६५ मध्ये युद्ध संपले, भाव कोसळले आणि अनेकांचे दिवाळे वाजले. प्रेमचंदांच्या आईच्या नावाचा मनोरा मात्र राहिला. उच्च न्यायालयात १९०८ मध्ये लोकमान्य टिळकांवर खटला चालला, त्या ४६ क्रमांकाच्या दालनाबाहेर त्यांचे उद्गार कोरलेला फलक लावलेला आहे. आत जायचे तर ओळखपत्र हवे आणि सुरक्षा तपासणीत वेळ जातो, पण तो सत्कारणी लागतो. न्यायालयाचे नवे संकुल बांद्रा पूर्वेला उभारण्याचे ठरलेले आहे. वकिलांची काळी लगबग या रस्त्यावर आहे तोवर पाहून घ्यावी.

सोयींच्या बाबतीत फोर्ट कमी पडतो. सार्वजनिक स्वच्छतागृहे थोडी आहेत आणि जी आहेत त्यांत स्त्रियांना जावेसे वाटेल अशी त्याहून थोडी. तेव्हा रेल्वे स्थानक, संग्रहालय आणि मेट्रो स्थानक हे तीन मुक्काम ध्यानात ठेवावेत. पिण्याचे पाणी बरोबर बाळगावे. रस्त्यांची अधिकृत नावे आणि लोकांच्या तोंडची नावे जुळत नाहीत. वाट विचारताना रस्त्याच्या नावापेक्षा बँकेचे किंवा हॉटेलचे नाव सांगितले तर लवकर पोहोचता येते. ऑक्टोबर २०२५ मध्ये आरे ते कफ परेड ही भुयारी मेट्रो पूर्ण सुरू झाली आणि हुतात्मा चौकाला स्वतःचे स्थानक मिळाले, ही पाहुण्यांच्या दृष्टीने मोठीच सोय झाली आहे. उपनगरात उतरलेल्या वयस्कर मंडळींनी लोकलच्या गर्दीत न शिरता याच मार्गाने यावे. स्वतःची गाडी आणण्याचा विचारही करू नये.

रविवारशिवाय ज्यांना सवडच नाही, त्यांनी बॅलार्ड इस्टेट गाठावे. गोदीच्या खोदकामातून निघालेल्या भरावावर १९०८ ते १९१४ या काळात वसवलेला हा भाग जॉर्ज विटेट याने एकाच शिस्तीत आखला आणि पोर्ट ट्रस्टचे पहिले अध्यक्ष कर्नल बॅलार्ड यांचे नाव त्याला दिले गेले. कामाच्या दिवशी येथील फुटपाथ उभ्या गाड्यांनी झाकलेले असतात आणि इमारतींच्या एकसमान उंचीचा, रुंद कोपऱ्यांचा अंदाज येत नाही. रविवारी तो येतो, आणि मधल्या रस्त्यावर मुलांचे क्रिकेट रंगलेले असते. १९२३ पासून चालू असलेले ब्रिटानिया हे पारशी-इराणी उपाहारगृह याच भागात आहे. इराणी आंबट बेरी घातलेला तिथला पुलाव गाजलेला आहे. पुलाव चांगला असतो, रांग मात्र लांब असते आणि भाव कचेरीतल्या माणसाच्या रोजच्या जेवणाचे नाहीत. ते फक्त दुपारच्या जेवणापुरतेच चालते, म्हणून सुट्टीच्या दिवशी निघण्यापूर्वी उघडे आहे की नाही याची दूरध्वनीवर खात्री करून घ्यावी, कारण ते बंद निघाले, तर रविवारी स्थानकासमोरच्या वडापावापर्यंत परत चालत येण्यावाचून फारसा इलाज नसतो.